प्रकाशाला औषध करणारा वैद्य : नील्स फिन्सेन

फुप्फुसाच्या कर्करोगावरील उपचार म्हटले, की शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि रेडिएशन हे शब्द आता सर्वांच्या परिचयाचे झाले आहेत. यांच्या जोडीला आणखी एक, फारसा चर्चेत नसलेला उपचार आहे. रुग्णाच्या शिरेतून प्रकाशाला संवेदनशील असे औषध दिले जाते. ते गाठीच्या पेशींत साठले, की दोनएक दिवसांनी ब्राँकोस्कोपमधून एक बारीक तंतू श्वासनलिकेत उतरवला जातो आणि नेमक्या त्या जागी लाल रंगाचा लेझर प्रकाश टाकला जातो. औषध, प्रकाश आणि पेशीतला प्राणवायू हे तिन्ही एकत्र आले, की कर्करोगाची पेशी आतून जळून जाते. या उपचाराला फोटोडायनॅमिक थेरपी असे म्हणतात. प्राणवायू कमी पडू नये म्हणून याच वेळी रुग्णाला वाढीव दाबाखाली शुद्ध प्राणवायू देण्याचे प्रयोगही काही डॉक्टरांनी केले आहेत.

प्रकाशाने रोग बरा करता येतो, ही गोष्ट आधुनिक वैद्यकाला पहिल्यांदा पटवून दिली ती डेन्मार्कच्या डॉ. नील्स फिन्सेन यांनी. १९०३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले आणि त्यानंतर वर्षभराच्या आत, वयाच्या अवघ्या ४३व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. ज्या उपचारामुळे ते जगप्रसिद्ध झाले, त्याचे खरे कारण मात्र त्यांनी सांगितले होते त्याहून वेगळे असावे, असे त्यांच्या मृत्यूनंतर शंभर वर्षांनी दिसून आले.

ढगाळ बेटांवरचे बालपण

फिन्सेन यांचा जन्म १५ डिसेंबर १८६० रोजी तोर्सहाउन येथे झाला. उत्तर अटलांटिक महासागरातील फेरो या डॅनिश बेटांचे हे मुख्य गाव. वर्षातील बहुतेक दिवस येथे ढग, पाऊस आणि वारा यांचे राज्य असते. हिवाळ्यात तर दिवस जेमतेम पाच तासांचा. सूर्यप्रकाशाचे मोल काय, हे अशा ठिकाणी कुणी शिकवावे लागत नाही. वडील हानेस फिन्सेन हे मूळच्या आइसलँडच्या जुन्या घराण्यातले. डॅनिश राजवटीत मोठ्या हुद्द्यावर असलेले अधिकारी. पुढे ते याच बेटांचे प्रशासकीय प्रमुख झाले. नील्स चार वर्षांचा असताना त्याची आई वारली आणि वडिलांनी तिच्याच चुलत बहिणीशी विवाह केला.

शाळेत नील्सची गणना हुशार मुलांत कधीच झाली नाही. डेन्मार्कमधील हेर्लुफ्सहोम या नामांकित निवासी शाळेत त्याला पाठवण्यात आले. परंतु मुलगा स्वभावाने चांगला असला तरी बुद्धीने आणि उत्साहाने बेताचाच आहे, असा शेरा मुख्याध्यापकांनी दिला. अखेरीस १८७६ मध्ये त्याला आइसलँडमधील रेक्याविक येथे, वडील जिथे शिकले होते त्याच शाळेत धाडण्यात आले. १८८२ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी तो तेथून उत्तीर्ण झाला तेव्हा पंधरा विद्यार्थ्यांत त्याचा क्रमांक अकरावा होता. पुढे वैद्यकातील सर्वोच्च सन्मान मिळवणाऱ्या माणसाचे हे प्रगतिपुस्तक आहे.

त्याच वर्षी फिन्सेन कोपनहेगन विद्यापीठात वैद्यकाच्या शिक्षणासाठी दाखल झाले. योगायोग असा, की याच १८८२ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयरोगाचा जंतू शोधून काढला होता. फिन्सेन यांची पुढची सारी झुंज याच जंतूच्या एका विद्रूप करणाऱ्या रूपाशी होणार होती.

स्वतःच्या आजारातून सुचलेला प्रश्न

कोपनहेगनला आल्यावर वर्षभरातच फिन्सेन यांची प्रकृती ढासळू लागली. सतत थकवा येई, रक्त कमी झालेले असे. पुढे हृदय आणि यकृत यांभोवतीची आवरणे जाड होत जाणारा चिवट विकार जडला आणि पोटात पाणी साचू लागले. या विकारावर त्या काळी उपाय नव्हता. शिकत असतानाच या तरुणाला कळून चुकले होते, की आपल्याला फार आयुष्य नाही.

त्यांची राहण्याची खोली उत्तरेकडे तोंड असलेली, म्हणजे जवळजवळ सूर्यविरहित होती. उन्हात बसले, की आपल्याला बरे वाटते, हे त्यांच्या ध्यानात आले. साधा माणूस एवढ्यावर थांबला असता. फिन्सेन यांनी मात्र उन्हातल्या नेमक्या कोणत्या घटकामुळे बरे वाटते, हा प्रश्न स्वतःला घातला. ते प्राण्यांचे निरीक्षण करू लागले. खिडकीतून दिसणाऱ्या छपरावर एक मांजर ऊन खात पडलेले असे. सावली सरकत अंगावर आली, की ते उठून पुन्हा उन्हात जाई. ही हालचाल पाहून सजीवांना प्रकाशाची जाण आणि गरज असते, हा विचार त्यांच्या मनात पक्का झाला.

१८९० मध्ये ते डॉक्टर झाले आणि विद्यापीठाच्या शरीररचना विभागात शवविच्छेदन करून दाखवणारे साहाय्यक म्हणून नोकरीला लागले. तीन वर्षांतच त्यांनी ही नोकरी सोडली आणि वैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या शिकवण्या घेत उरलेला वेळ प्रकाशाच्या अभ्यासाला दिला. शरीर साथ देत नसताना हमखास पगार सोडण्याचा निर्णय सोपा नव्हता. १८९२च्या अखेरीस रिबे येथील बिशपची कन्या इंगेबोर्ग बाल्स्लेव यांच्याशी त्यांचा विवाह झालेला होता. या दांपत्याला चार अपत्ये झाली. त्यांतील पहिले जन्मल्यानंतर लगेचच दगावले.

त्यांचे प्रयोग साधे, पण नेटके होते. एका प्रयोगात त्यांनी स्वतःच्या हातावर काळ्या शाईचा पट्टा ओढला आणि हात कडक उन्हात धरला. काही तासांनी शाई पुसून पाहिली, तर पट्ट्याखालची त्वचा जशीच्या तशी गोरी होती आणि भोवतालची लालबुंद झाली होती. थोड्या दिवसांनी ती काळवंडली. मग पट्टा न लावता तोच हात पुन्हा उन्हात धरला, तेव्हा आधी सुरक्षित राहिलेली जागा भाजली आणि काळवंडलेली त्वचा मात्र टिकून राहिली. त्वचा उन्हाने काळी पडते ती तिच्या रक्षणासाठी, हे यातून स्पष्ट झाले. रंगीत काचांखाली ठेवलेली गांडुळे निळ्या प्रकाशातून सरकून लाल प्रकाशाखाली गोळा होतात, हेही त्यांनी दाखवले. प्रकाशाचा जैविक परिणाम हा उष्णतेमुळे नसून मुख्यतः निळ्या, जांभळ्या आणि अतिनील किरणांमुळे होतो, हा या सर्व प्रयोगांचा निष्कर्ष होता.

देवीच्या रुग्णांसाठी लाल खोली

१८९३ मध्ये फिन्सेन यांनी त्वचेवरील प्रकाशाच्या परिणामांविषयीचा निबंध प्रसिद्ध केला. त्यात देवीच्या रुग्णांसाठी त्यांनी एक सूचना केली होती. देवीचे व्रण उघड्या अंगावर, म्हणजे चेहऱ्यावर आणि हातांवर अधिक खोल उठतात. तेव्हा रुग्णाला लाल पडदे लावलेल्या खोलीत ठेवून निळे आणि अतिनील किरण अडवले, तर पुटकुळ्यांत पू होणार नाही आणि व्रण राहणार नाहीत, असा त्यांचा तर्क होता. त्याच वर्षी नॉर्वेतील बर्गन शहरात देवीची साथ आली आणि तेथील डॉक्टरांनी ही युक्ती वापरून पाहिली. त्यांनी कळवलेले निकाल उत्साहवर्धक होते आणि फिन्सेन हे नाव पहिल्यांदा देशाबाहेर पोहोचले.

हे यश मात्र टिकले नाही. अनेक देशांत लाल खोल्या तयार झाल्या. पण पुढच्या काळातील काटेकोर निरीक्षणात त्यांचा खात्रीलायक उपयोग आढळला नाही. देवीवरचा खरा उपाय लस हाच होता आणि त्याच उपायाने १९८० मध्ये जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर करण्यात आले. फिन्सेन यांचा पहिला गाजलेला उपचार असा कालबाह्य ठरला. त्यांचे मोठेपण दुसऱ्या उपचारात होते.

चेहरा खाणारा रोग

लाल खोलीत प्रकाशाचे अपायकारक किरण अडवायचे होते. आता फिन्सेन यांनी प्रश्न उलटा केला. हेच किरण जंतूंना मारक असतील, तर ते रोगावर मुद्दाम का सोडू नयेत? सूर्यप्रकाशाने जंतू मरतात, हे इंग्लंडमध्ये १८७७ सालीच दाखवण्यात आले होते. फिन्सेन यांना असा रोग हवा होता, जो जंतूंमुळे होतो आणि ज्याच्यापर्यंत प्रकाश पोहोचू शकतो. त्वचेचा क्षयरोग या दोन्ही कसोट्यांना उतरला.

लुपस व्हल्गॅरिस या नावाने ओळखला जाणारा हा रोग त्या काळी युरोपात सर्रास आढळत असे. लुपस म्हणजे लांडगा. नाक, गाल, ओठ, कान हळूहळू कुरतडून टाकणारा हा रोग माणसाला मारत नसे. पण जगूही देत नसे. रुग्णांना काम मिळत नसे, शेजार तुटत असे, विवाह होत नसत. डॉक्टर गाठी खरवडत, डागण्या देत किंवा तीव्र रसायने लावत. त्याने व्रण वाढत आणि रोग पुन्हा उद्भवे.

नोव्हेंबर १८९५ मध्ये फिन्सेन यांनी कोपनहेगनच्या वीजपुरवठा केंद्रात पहिला प्रयोग केला. तेथे कार्बन आर्क दिव्यांची सोय होती. पहिला रुग्ण एक अभियंता होता. त्याच्या चेहऱ्यावर आठ वर्षांपासून हा रोग होता आणि इतर सर्व उपाय थकले होते. दररोज ठराविक वेळ एकवटलेला प्रकाश रोगट जागेवर पाडण्यात आला. काही महिन्यांत ती जागा स्वच्छ होऊ लागली. वार्ता पसरली आणि रुग्णांची रीघ लागली.

१२ ऑगस्ट १८९६ रोजी कोपनहेगनमध्ये फिन्सेन यांची वैद्यकीय प्रकाशसंस्था सुरू झाली. उद्योगपती हागेमान आणि योर्गेनसेन यांनी आर्थिक पाठबळ दिले. पुढे सरकारचीही मदत मिळाली. सुरुवातीला उघड्या आवारात उन्हात उपचार होत. पोकळ भिंगात तांब्याच्या क्षाराचे निळे द्रावण भरलेले असे. त्यातून जाताना सूर्यकिरणांतील उष्णता गाळली जाई आणि निळा-जांभळा प्रकाश रोगट जागेवर एकवटे. परंतु कोपनहेगनच्या उन्हाचा भरवसा काय? म्हणून लवकरच विजेचा मोठा आर्क दिवा हा उपचाराचा कणा झाला.

या दिव्याभोवतीचे दृश्य पाहणाऱ्याच्या लक्षात राहणारे असे. मध्ये छताला टांगलेला प्रखर दिवा, त्यातून चार दिशांना उतरलेल्या दुर्बिणीसारख्या चार नळ्या आणि प्रत्येक नळीखाली खाटेवर झोपलेला एक रुग्ण. नळीत क्वार्ट्झची भिंगे बसवलेली असत, कारण साधी काच अतिनील किरण अडवते. उष्णता शोषून घेण्यासाठी मध्ये पाणी खेळवलेले असे. प्रत्येक रुग्णाजवळ काळा चष्मा लावलेली एक परिचारिका बसे. क्वार्ट्झची पोकळ चकती ती रोगट जागेवर हाताने दाबून धरी. चकतीतून थंड पाणी वाहत असल्याने त्वचा भाजत नसे. दाबण्याचे दुसरेही कारण होते. रक्त हे निळे आणि जांभळे किरण शोषून घेते. ते बाजूला सारले, तरच प्रकाश खोलवर पोहोचतो, हे फिन्सेन यांनी ओळखले होते. एका वेळी नाण्याएवढ्या जागेवर सुमारे तासभर उपचार होई. संपूर्ण चेहरा बरा व्हायला कित्येक महिने, कधी वर्षेही लागत. हा उपचार जितका दिव्याचा होता, तितकाच त्या परिचारिकांच्या चिकाटीचाही होता.

१८९६ ते १९०१ या काळात संस्थेत या रोगाच्या ८०४ रुग्णांवर उपचार झाले. त्यांतील सुमारे ८३ टक्के बरे झाल्याची आणि केवळ ६ टक्के रुग्णांना उपयोग न झाल्याची नोंद झाली. आजच्या पद्धतीप्रमाणे उपचार न घेतलेल्या रुग्णांशी तुलना करून हे आकडे तपासलेले नव्हते, हे खरे; पण ज्या रोगात आपोआप बरे होण्याची आशाच नसे, त्यात एवढे चेहरे पुन्हा माणसांत आले, ही गोष्ट जगाने डोळ्यांनी पाहिली. उपचाराआधीची आणि नंतरची छायाचित्रे संस्थेने काळजीपूर्वक जपली होती. ब्रिटनच्या युवराजाची पत्नी अलेक्झांड्रा ही मूळची डॅनिश राजकन्या. तिच्या पुढाकाराने १९०० मध्ये लंडन हॉस्पिटलमध्ये फिन्सेन दिवा आला. त्या रुग्णालयाच्या आवारातील तिच्या पुतळ्याच्या चौथऱ्यावर या दिव्याचे शिल्प कोरलेले आहे.

खुर्चीला खिळलेला विजेता

रुग्ण बरे होत होते आणि त्यांचा डॉक्टर खंगत चालला होता. अखेरच्या वर्षांत फिन्सेन यांना चाकांच्या खुर्चीचा आधार घ्यावा लागला. पोटातले पाणी वारंवार काढावे लागे. दिवसातून काही तासच काम करण्याएवढी शक्ती उरली होती. तरीही खाण्यापिण्याचे वजन-माप ते रोज टिपून ठेवत. आहारातील मीठ कमी केले, की अंगात साचणारे पाणी कमी होते, असे त्यांना आढळले. १९०४ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा अखेरचा निबंध शरीरात साठणाऱ्या मिठाविषयी होता आणि त्यातला अभ्यासलेला रुग्ण ते स्वतः होते.

१९०३चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक फिन्सेन यांना जाहीर झाले. या शाखेतील हे तिसरे पारितोषिक. आदल्या वर्षीचा मान सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू शोधणाऱ्या रोनाल्ड रॉस यांना मिळाला होता. हा सन्मान मिळवणारे फिन्सेन हे पहिले डॅनिश नागरिक ठरले. एकवटलेल्या प्रकाशाने रोग, विशेषतः त्वचेचा क्षयरोग, बरे करण्याची नवी वाट खुली केल्याबद्दल हे पारितोषिक होते. समारंभासाठी स्टॉकहोमला जाण्याइतके बळ त्यांच्या अंगी नव्हते. रकमेतील मोठा वाटा त्यांनी आपल्या संस्थेला आणि हृदय व यकृताच्या रुग्णांसाठीच्या आरोग्यधामाला देऊन टाकला. २४ सप्टेंबर १९०४ रोजी कोपनहेगन येथे त्यांचे निधन झाले. प्रकाशाने त्यांचा स्वतःचा आजार बरा होणार नव्हता आणि तसा दावाही त्यांनी केला नाही.

म्युनिकमधील दुसरा धागा

फिन्सेन यांच्या हयातीतच जर्मनीत एक वेगळा शोध आकाराला येत होता. म्युनिकमध्ये प्रा. हेर्मान फॉन टापाइनर यांच्या प्रयोगशाळेत ऑस्कार राब हा विद्यार्थी अॅक्रिडिन या रंगद्रव्याचा पॅरामिशियम या एकपेशीय जिवांवर होणारा परिणाम तपासत होता. तेच द्रावण कधी जिवांना चटकन मारी, कधी मारत नसे. नोंदी ताडून पाहता फरक पडत होता तो खोलीतील उजेडाचा. रंगद्रव्य एकटे निरुपद्रवी, प्रकाश एकटा निरुपद्रवी. दोन्ही एकत्र आले, की घातक. १९०० मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. १९०३ मध्ये, म्हणजे फिन्सेन यांच्या नोबेलच्याच वर्षी, टापाइनर आणि त्यांच्या सहकाऱ्याने त्वचेच्या कर्करोगावर इओसिन हे रंगद्रव्य लावून प्रकाशाचा उपचार करून पाहिला. १९०४ मध्ये, फिन्सेन यांच्या निधनाच्या वर्षी, टापाइनर यांनी तिसरी अट दाखवून दिली. प्राणवायू नसेल, तर ही क्रिया होत नाही. या क्रियेला त्यांनीच पुढे फोटोडायनॅमिक हे नाव दिले.

फिन्सेन यांचा उपचार मात्र निव्वळ प्रकाशाचा मानला जात होता. अतिनील किरण जंतूंना थेट मारतात, हेच त्याचे स्पष्टीकरण पाठ्यपुस्तकांत रूढ झाले. पुढे क्षयरोगावर औषधे आली. १९४० च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन आणि १९५२ मध्ये आयसोनियाझिड वापरात आल्यावर तासन्‌तास दिव्याखाली झोपण्याची गरजच उरली नाही. फिन्सेन दिवे संग्रहालयांत गेले. अतिनील किरणांच्या अतिरेकाने त्वचेचा कर्करोग होतो, हेही कळले.

२००५ मध्ये डेन्मार्कमधील संशोधकांनी फिन्सेन यांची जतन केलेली भिंगे आणि दिवे पुन्हा तपासले. तेव्हा एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली. तपासलेल्या भिंगांतून ३४० नॅनोमीटरपेक्षा कमी लांबीच्या लहरी, म्हणजे जंतूंना थेट मारणारे अतिनील किरण, पलीकडे जातच नव्हते. मग क्षयाचे जंतू मरत होते कशाने? संशोधकांचे उत्तर असे, की क्षयाच्या जंतूत पॉर्फिरिन हे द्रव्य मुळातच असते. सुमारे ४०० नॅनोमीटरचा जांभळा प्रकाश ते जोराने शोषून घेते आणि शेजारच्या प्राणवायूला अतिशय दाहक अशा रूपात बदलते. हा प्राणवायूच जंतूचा घात करत असावा. हे स्पष्टीकरण बरोबर असेल, तर फिन्सेन नकळत फोटोडायनॅमिक उपचारच करत होते. रंगद्रव्य जंतूने स्वतःच पुरवले होते. प्राणवायू रुग्णाच्या शरीरातला होता.

फुप्फुसापर्यंतचा प्रवास

फिन्सेन यांच्या काळी प्रकाश केवळ त्वचेवर पाडता येत असे. शरीराच्या आत तो नेण्यासाठी लेझर, काचतंतू आणि लवचीक ब्राँकोस्कोप यांची वाट पाहावी लागली. १९७० च्या दशकात अमेरिकेत थॉमस डॉगर्टी यांनी पॉर्फिरिनपासून तयार केलेले औषध कर्करोगासाठी वापरण्याजोगे केले. १९८० च्या सुमारास टोकियोत डॉ. योशिहिरो हायाता यांच्या पथकाने ब्राँकोस्कोपमधून फुप्फुसाच्या कर्करोगावर हा उपचार सुरू केला. १९९८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने श्वासनलिकेतील फुप्फुसाच्या कर्करोगासाठी फोटोफ्रिन या औषधाला मान्यता दिली.

या उपचाराच्या मर्यादा फिन्सेन यांना ओळखीच्या वाटल्या असत्या. ६३० नॅनोमीटरचा लाल प्रकाशही शरीरात सेंटिमीटरभरापलीकडे फारसा उपयोगी पडत नाही. त्यामुळे श्वासनलिकेच्या अस्तरातील लहान, प्राथमिक अवस्थेतील गाठ किंवा श्वासाचा मार्ग अडवणारी गाठ एवढ्यापुरताच तो कामाला येतो. फुप्फुसात खोलवर असलेल्या किंवा शरीरभर पसरलेल्या कर्करोगावर तो उपाय नाही. उपचारानंतर किमान महिनाभर रुग्णाला उन्हापासून जपावे लागते, कारण औषध त्वचेतही उरलेले असते.

दुसरी अडचण प्राणवायूची. वेगाने वाढणाऱ्या गाठीत रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या असतात आणि तिच्या अंतर्भागात प्राणवायू कमी असतो. त्यात उपचार स्वतःच प्राणवायू खर्च करतो. प्रकाश जोराने टाकला, की जेवढा असतो तेवढा झपाट्याने संपतो आणि क्रिया अर्ध्यावर थांबते. फिन्सेन यांच्या परिचारिका रक्त दाबून बाजूला सारत, कारण रक्त प्रकाश अडवते; पण प्राणवायू घेऊन येते तेही रक्तच. हा पेच सोडवण्याचा एक मार्ग म्हणजे हायपरबेरिक ऑक्सिजन. बंद कक्षात वातावरणाच्या दोन ते तीन पट दाबाखाली रुग्ण शुद्ध प्राणवायू श्वासावाटे घेतो. साध्या हवेत श्वास घेताना १०० मिलिलिटर रक्ताच्या द्रवात जेमतेम ०.३ मिलिलिटर प्राणवायू विरघळलेला असतो. तिप्पट दाबाखाली शुद्ध प्राणवायू घेतल्यास हे प्रमाण सुमारे ६ मिलिलिटरपर्यंत जाते. म्हणजे तांबड्या पेशींच्या वाहतुकीवर विसंबून न राहता प्राणवायू गाठीपर्यंत पोहोचण्याची शक्यता वाढते.

ऑस्ट्रियातील ग्राझ येथील डॉक्टरांनी २००१ मध्ये या जोड-उपचाराचे अनुभव प्रसिद्ध केले. गाठीमुळे श्वासमार्ग अरुंद झालेल्या रुग्णांवर त्यांनी तो केला होता. श्वासमार्ग मोकळा होऊन रुग्णांना आराम पडला, असे त्यांनी नोंदवले. मात्र हे रुग्ण थोडे होते आणि उद्देश त्रास कमी करण्याचा होता, रोग समूळ बरा करण्याचा नव्हता. मोठ्या, तुलनात्मक चाचण्यांतून या जोडीचा फायदा सिद्ध झाल्याखेरीज तिला प्रस्थापित उपचार म्हणता येणार नाही. लेझर आणि दाबाखालील प्राणवायू एकत्र वापरताना आगीचा धोका असतो, त्यामुळे असा उपचार कुठेही सहज करता येण्याजोगाही नाही. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णाने किंवा नातेवाइकांनी प्रस्थापित उपचार सोडून यामागे धावू नये, हे येथे स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. लाल खोलीचा इतिहास हेच सांगतो. थोड्या रुग्णांवरचे आशादायक निकाल पुढे टिकतातच असे नाही.

फिन्सेन यांच्या कामाच्या खुणा मात्र आजही सर्वत्र आहेत. जन्मतः कावीळ झालेल्या बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवतात, ते प्रत्येक शहरातल्या प्रसूतिगृहात दिसते. सोरायसिस आणि कोड यांवर अतिनील किरणांचा उपचार त्वचारोगतज्ज्ञ आजही करतात. त्यांची संस्था पुढे कोपनहेगनच्या रिग्सहॉस्पिटलमध्ये विलीन झाली आणि कर्करोगावरील कामासाठी नावारूपाला आली. त्या रुग्णालयाजवळच शिल्पकार रुडॉल्फ टेग्नर यांनी घडवलेले फिन्सेन यांचे स्मारक आहे. त्यात फिन्सेन यांचा पुतळा नाही. एक उभा पुरुष आणि गुडघे टेकलेल्या दोन स्त्रिया वर, प्रकाशाकडे झेपावत आहेत. आयुष्यभर उन्हासाठी आसुसलेल्या आणि शेवटपर्यंत स्वतः बरा न झालेल्या या वैद्याने बरे केलेल्या माणसांचेच ते स्मारक आहे.